नाझींनी शाळेतून काढलेल्या बाईंनी विषारी वायू आणि चिलटांच्या मदतीने जनुकांचं गुपित उघडं केलं

केळी दोन दिवस जास्त राहिली की त्यांच्यावर बारीक चिलटं घोंघावायला लागतात. आपण ती हाताने हाकलतो, केळ्यांचं शिकरण करतो आणि विषय संपतो.

पण १९४० साली स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात एक बाई हीच चिलटं बाटल्यांमध्ये जपून वाढवत होत्या. त्यांना खाऊ घालत होत्या, त्यांची पिल्लावळ मोजत होत्या. आणि त्याच चिलटांवर एक भयंकर विषारी वायू सोडला जात होता. वायूचं नाव होतं मस्टर्ड गॅस.

बाहेर दुसरं महायुद्ध पेटलेलं. प्रयोग सरकारी गुपित. बाईंच्या हातांना भाजल्याच्या जखमा झालेल्या. आणि जे काही सापडलं ते पुढची पाच वर्षं जगाला उघडपणे सांगायचीही सोय नव्हती.

त्या बाईंचं नाव शार्लोट आउअरबाख. घरचे आणि मित्रमंडळी त्यांना लोटे म्हणायची.

एखादं रसायन आपल्या जनुकांमध्ये कायमचा बदल घडवू शकतं आणि तो बदल पुढच्या पिढीतही उतरू शकतो, हे पक्क्या पुराव्यानिशी दाखवणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांचं नाव येतं. आज नवीन औषध बाजारात येण्याआधी ते जनुकांना धक्का लावतं का, हे तपासावंच लागतं. त्या तपासणीमागचा मूळ विचार या बाटल्यांमधून पुढे आला.

तर गोष्ट सुरू होते जर्मनीत.

१४ मे १८९९ रोजी क्रेफेल्ड या गावी एका ज्यू कुटुंबात शार्लोटचा जन्म झाला. आईवडिलांची ती एकुलती एक मुलगी. घरात विज्ञान पिढीजात होतं. आजोबा लिओपोल्ड आउअरबाख हे नावाजलेले शरीररचनाशास्त्रज्ञ. आपल्या आतड्याच्या भिंतीत नसांचं जे जाळं असतं, त्यातल्या एका जाळ्याला आजही त्यांचं नाव आहे आणि डॉक्टरकीची मुलं ते आजही पाठ करतात. वडील रसायनशास्त्रज्ञ होते.

शार्लोट शाळेत असताना एका तासाला पेशी कशी दुभंगते आणि त्यातली गुणसूत्रं कशी वाटली जातात हे शिकवलं गेलं. तो एक तास तिच्या डोक्यात घर करून राहिला.

पुढे बर्लिन, वुर्झबुर्ग, फ्रायबुर्ग, म्युनिक अशा विद्यापीठांमध्ये त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला. पण त्या काळात एका ज्यू मुलीला संशोधनात नोकरी मिळणं अवघडच होतं. मग त्यांनी शाळेत शिकवायला सुरुवात केली.

मध्येच एकदा संधी आली. १९२८ साली बर्लिनच्या प्रसिद्ध कैसर विल्हेल्म संस्थेत ओटो मॅन्गोल्ड यांच्या हाताखाली पीएचडी सुरू झाली. पण काम मनासारखं होईना. शार्लोट यांनी विषयाची दिशा बदलायची परवानगी मागितली, तेव्हा मॅन्गोल्ड यांनी ती मागणी तोडून टाकली. हे मॅन्गोल्ड पुढे नाझींचे समर्थक म्हणून ओळखले गेले. शार्लोट यांनी पीएचडी अर्धवट सोडली आणि पुन्हा शाळेत खडू हातात घेतला.

मग १९३३ साल उजाडलं. हिटलर सत्तेवर आला. एप्रिल महिन्यात कायदा झाला आणि ज्यू लोकांना सरकारी नोकऱ्यांमधून काढायला सुरुवात झाली. शार्लोट यांचीही शाळेतली नोकरी गेली.

आईने सांगितलं, आता इथे थांबू नकोस.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्या देश सोडून निघाल्या. हाताशी पीएचडी नाही, पैसा नाही, भाषा परकी. ओळखीपाळखीतून एडिनबराच्या प्राणी अनुवंशशास्त्र संस्थेत जागा मिळाली. संस्थेचे प्रमुख होते प्राध्यापक क्रू. त्यांनी जर्मनीतून पळून आलेल्या अनेकांना आसरा दिला होता.

इथे १९३५ साली शार्लोट यांनी फळमाशीच्या, म्हणजे आपल्या त्याच चिलटांच्या, पायांची वाढ कशी होते यावर पीएचडी पूर्ण केली. त्यानंतरही पगार अगदी तुटपुंजा होता आणि संस्थेत पडेल ते काम करावं लागे. पण प्रयोगशाळा होती, माशा होत्या आणि विचार करायची मोकळीक होती.

१९३९ मध्ये त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. आईही जर्मनीतून सुटून त्यांच्याकडे पोहोचली. काही दिवसांत युद्ध सुरू झालं आणि ती दारं बंद झाली.

याच काळात एडिनबरामध्ये एक मोठा माणूस येऊन राहिला होता. त्यांचं नाव हर्मन मुलर. क्ष-किरण सोडले की फळमाशीत म्यूटेशन, म्हणजे उत्परिवर्तनं, झपाट्याने वाढतात हे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२७ साली दाखवलं होतं. पुढे १९४६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

म्यूटेशन हा शब्द कोरोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला. जनुकात झालेला बदल, जो पुढे नकलेबरोबर उतरत जातो, तो म्हणजे म्यूटेशन.

प्राध्यापक क्रू यांनी परस्पर ठरवून टाकलं की शार्लोट यांनी मुलर यांच्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्याचं काम करायचं. शार्लोट यांना ते काम आवडत नव्हतं आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं. परक्या देशात, कच्च्या नोकरीत, प्रमुखांना नाही म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

पण मुलर चिडले नाहीत. ज्याला कामात रस नाही त्याच्याकडून काम करून घेण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. त्यांनी शार्लोट यांना विचारलं की तुम्हाला नक्की कशात रस आहे. शार्लोट यांना जाणून घ्यायचं होतं की जनुकं शरीर घडवतात तरी कशी. त्यावर मुलर यांचा सल्ला असा होता की जनुक काम कसं करतं हे कळायचं असेल तर ते बिघडवून बघा, म्हणजे म्यूटेशनचा अभ्यास करा.

झालं. शार्लोट यांना आयुष्यभराचा विषय मिळाला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी जनुक कशाचं बनलेलं आहे हेच नक्की माहीत नव्हतं. बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की जनुकं प्रथिनांची असावीत. डीएनएच्या बाजूने पहिला जोरदार पुरावा १९४४ साली आला आणि डीएनएचा तो प्रसिद्ध दुहेरी पीळ उलगडला १९५३ मध्ये. म्हणजे शार्लोट ज्या वस्तूला हात घालत होत्या, ती वस्तू आहे काय हेच तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं.

किरणांनी जनुक बदलतं हे मुलर यांनी दाखवलं होतं. मग रसायनांनी का बदलू नये? हा प्रश्न अनेकांच्या मनात होता. कितीतरी रसायनं तपासून झाली होती, पण कुणाच्याही हाती ठोस काही लागलं नव्हतं. शार्लोट यांनीही सुरुवातीला कॅन्सर घडवणारी काही रसायनं माशांवर वापरून पाहिली. त्यातूनही काही निष्पन्न झालं नाही.

तेवढ्यात दुसऱ्या एका विभागातून एक धागा मिळाला.

एडिनबराच्या औषधशास्त्र विभागात ए. जे. क्लार्क आणि जे. एम. रॉबसन हे दोघे मस्टर्ड गॅसवर सरकारसाठी संशोधन करत होते. हा वायू पहिल्यांदा वापरला गेला १९१७ साली, बेल्जियममधल्या ईप्र या गावाजवळ. त्वचेवर मोठमोठे फोड येतात, डोळे जातात, फुप्फुसं आतून सोलली जातात. नावात मस्टर्ड असलं तरी तो मोहरीपासून बनत नाही. त्याचा वास मोहरीसारखा किंवा लसणासारखा उग्र येतो म्हणून ते नाव. हिटलर हा वायू पुन्हा वापरेल अशी भीती ब्रिटनला होती.

क्लार्क आणि रॉबसन यांच्या नजरेत एक गोष्ट आली. मस्टर्ड गॅसच्या जखमा साध्या भाजल्यासारख्या वागत नाहीत. त्या लवकर भरत नाहीत आणि भरल्यासारख्या वाटल्या तरी पुन्हा उघडतात. अगदी क्ष-किरणांनी झालेल्या जखमांसारख्या.

आता क्ष-किरण जनुकं बदलतात हे माहीत होतं. मग क्ष-किरणांसारख्याच जखमा करणारा हा वायूही जनुकं बदलत असेल का?

ही शंका औषधशास्त्रवाल्यांची होती. ती तपासण्याचं कसब होतं शार्लोट यांच्याकडे.

१९४० च्या नोव्हेंबरमध्ये प्रयोग सुरू झाले. औषधशास्त्र विभागाच्या गच्चीवर उघड्या भांड्यात द्रवरूप मस्टर्ड गॅस तापवला जायचा आणि त्याच्या वाफेत नर माशा सोडल्या जायच्या. आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेत ही पद्धत पाहून सुरक्षा अधिकाऱ्याला घाम फुटेल. शार्लोट यांचे हात चांगलेच पोळले. इतके, की पुन्हा वायूच्या संपर्कात आलात तर परिणाम गंभीर होतील असं त्यांना बजावण्यात आलं.

मग वाचलेल्या माशा घेऊन शार्लोट आपल्या बाटल्यांकडे यायच्या आणि खरं काम सुरू व्हायचं.

जनुकातला बदल डोळ्यांनी दिसत नाही. मग तो पकडायचा कसा? यासाठी मुलर यांनीच एक हुशार युक्ती काढून ठेवली होती.

माणसासारखंच फळमाशीच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि नरात एकच. नराच्या एक्सवर एखादा जीवघेणा बिघाड झाला, तर त्याच्या मुलींना काही होत नाही, कारण त्यांच्याकडे आईकडून आलेला दुसरा एक्स असतो. पण त्या मुलींच्या मुलांमध्ये, म्हणजे नातवांमध्ये, तो बिघडलेला एक्स एकटाच आला की नातू जन्माआधीच मरतो.

मुलर यांनी अशी मादी तयार केली होती जिच्या स्वतःच्या एका एक्सवर आधीच जीवघेणं जनुक होतं आणि जोडीला एक ओळखखूण होती. अशा मादीची प्रयोगातल्या नराशी जोडी लावायची. त्यांच्या खूण असलेल्या मुली निवडायच्या आणि प्रत्येकीला स्वतंत्र बाटलीत वाढवायचं. आता तिच्या मुलांना आजीचा एक्स मिळाला तर मरण ठरलेलं. आजोबांचा मिळाला आणि तो चांगला असेल तर जगतील. पण आजोबांच्या एक्सवरही बिघाड झाला असेल तर?

तर त्या बाटलीत एकही नर दिसणार नाही.

बास. बाटली उचलायची, बघायचं, नर आहेत की नाहीत. नर नसलेली प्रत्येक बाटली म्हणजे एक नवं जीवघेणं म्यूटेशन. शेकडो बाटल्या, हजारो माशा, आणि मोजणी.

नेहमीच्या, वायू न लागलेल्या माशांमध्ये अशा बाटल्या क्वचितच सापडतात. मस्टर्ड गॅस लागलेल्या माशांच्या वंशात त्या एकामागून एक सापडायला लागल्या. प्रमाण जवळपास क्ष-किरणांच्या मोठ्या डोसइतकं होतं.

शंकेला जागाच उरली नाही. एका रसायनाने जनुकं बदलली होती.

मुलर तोवर अमेरिकेला परत गेले होते. निकाल कळल्यावर १९४१ च्या जूनमध्ये त्यांची अभिनंदनाची तार आली. या शोधाने अभ्यासाचं आणि उपयोगाचं मोठं क्षेत्र खुलं होणार, असा त्यांचा अंदाज होता. शार्लोट यांच्यासाठी ती तार म्हणजे सगळ्या कष्टांची पावती होती.

पण आनंद मोठ्याने साजरा करता येत नव्हता. मस्टर्ड गॅस हे युद्धातलं शस्त्र. त्यावरचं काहीही छापायला मनाई. निकाल सरकारी अहवालात गेले आणि कपाटात बंद झाले.

१९४४ मध्ये शार्लोट आणि रॉबसन यांनी नेचर या साप्ताहिकात एक वेगळा निबंध छापला. तो होता मोहरीच्या तेलाला झणझणीतपणा देणाऱ्या रसायनाबद्दल. त्यानेही माशांमध्ये काही प्रमाणात म्यूटेशन होतात असं त्यात होतं. हे काही युद्धातलं शस्त्र नसल्याने छापायला हरकत नव्हती. (आणि हो, घाबरून फोडणी बंद करू नका. तिथे माशांवर त्या रसायनाचा थेट मारा केला होता, जेवणाचा प्रश्नच नव्हता.)

मस्टर्ड गॅसचं खरं संशोधन छापून आलं युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये. म्हणजे शोध लागल्यानंतर पाच वर्षांनी.

त्याच वर्षी सोव्हिएत रशियातून इओसिफ रॅपोपोर्ट यांचंही काम प्रसिद्ध झालं. फॉर्मल्डिहाइडसारख्या रसायनांनी फळमाशीत म्यूटेशन होतात हे त्यांनी स्वतंत्रपणे शोधलं होतं. रॅपोपोर्ट युद्धात लढले होते आणि एक डोळा गमावून परतले होते. पुढे १९४८ मध्ये स्टॅलिनच्या राजवटीने अनुवंशशास्त्रच खोटं ठरवलं, तेव्हा भर सभेत त्याविरुद्ध बोलणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. त्यापायी त्यांना अनुवंशशास्त्रातलं संशोधन सोडावं लागलं. एकाच शोधाच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि दोघांनाही हुकूमशाहीचा फटका बसलेला.

आता मुख्य प्रश्न. मस्टर्ड गॅस आत जाऊन करतो तरी काय?

याचं उत्तर मिळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. लंडनमध्ये पीटर ब्रूक्स आणि फिलिप लॉली या दोघांनी ते शोधलं.

डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबलचक ओळ असं समजा. ए, टी, जी आणि सी. दोन ओळी समोरासमोर असतात. ए समोर टी येतो आणि जी समोर सी. बॅगेच्या चेनसारखी ही रचना असते. नक्कल काढायची वेळ आली की चेन उघडते आणि प्रत्येक बाजू बघून नवी बाजू तयार होते.

मस्टर्ड गॅसच्या रेणूला दोन हात असतात. एक हात जी या अक्षराला, म्हणजे ग्वानिनला, जाऊन चिकटतो. दुसरा हात मोकळा असतो. तो समोरच्या ओळीतल्या दुसऱ्या ग्वानिनला पकडतो. झालं, चेन मध्येच शिवली गेली. आता ती उघडतच नाही. नक्कल निघत नाही आणि पेशी मरते. फोड आणि न भरणाऱ्या जखमा यामागे हेच एक मोठं कारण.

कधी एकच हात चिकटतो. अशा वेळी ते अक्षर गळून पडू शकतं आणि तिथे रिकामी जागा राहते. पेशी डागडुजी करायला जाते. बऱ्याचदा ती बरोबर होते. पण कधी चुकीचं अक्षर बसतं आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते. हे झालं म्यूटेशन.

यावरून शार्लोट यांना दिसलेलं आणखी एक कोडंही सुटलं. मस्टर्ड गॅस लागलेल्या माशांच्या वंशात काही माशा अर्ध्यामुर्ध्या निघायच्या. शरीराचा काही भाग बदललेला आणि काही भाग नेहमीसारखा. काही वेळा बदल लगेच न दिसता नंतरच्या पेशींमध्ये उगवायचा. जणू रसायनाने जनुक तिथल्या तिथे बदललं नव्हतं, तर त्याला डळमळीत करून सोडलं होतं. डीएनएच्या दोन ओळी असतात हे कळल्यावर याचा अर्थ लागायला लागला. बिघाड एकाच ओळीत झाला तर पहिल्या नकलेनंतर निम्म्या पेशी बिघडलेल्या आणि निम्म्या धडधाकट असणारच.

शार्लोट यांचं वेगळेपण इथेच होतं. डीएनएचं रसायनशास्त्र कळल्यावर अनेकांना वाटलं की म्यूटेशनचा प्रश्न सुटला, आता फक्त रासायनिक समीकरणं मांडायची. शार्लोट यांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की रसायन डीएनएला चिकटणं ही फक्त सुरुवात आहे. त्यानंतर पेशी डागडुजी करते की नाही, नक्कल कधी काढते, बदललेली पेशी टिकते की मरते, या सगळ्या पायऱ्या पार पडल्या तरच म्यूटेशन होतं. म्हणून एकच रसायन एका जनुकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी परिणाम करतं. हे त्यांनी माशा सोडून बुरशीवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं.

आज डागडुजी करणाऱ्या या यंत्रणेवर अख्खं शास्त्र उभं आहे आणि शार्लोट यांचा आग्रह किती योग्य होता हे पदोपदी दिसतं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. डीएनएवर रासायनिक बदल फक्त विषच करतं असं नाही. आपलं शरीर स्वतःही तेच करतं, पण ठरवून.

आपल्या पेशी सी या अक्षरावर मिथाइल नावाची एक छोटीशी रासायनिक चकती लावतात. अक्षर तेच राहतं, ओळ तीच राहते, पण अनेकदा ते जनुक झाकलं जातं आणि गप्प बसतं. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यात डीएनए तोच असतो. तरीही दोघी वेगळी कामं करतात, कारण दोघींमध्ये वेगवेगळी जनुकं चालू आणि बंद असतात. ही चालू-बंदची नोंद पेशी दुभंगल्यावरही टिकवण्यात या चकत्यांचा वाटा असतो. ही कल्पना १९७५ साली रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी, तसंच आर्थर रिग्ज यांनी स्वतंत्रपणे मांडली.

म्हणजे चकती योग्य जागी लागली तर शिस्त, भलत्या जागी लागली तर बिघाड. तीच मिथाइलची चकती सी ऐवजी जी या अक्षरावर एका विशिष्ट जागी लागली, तर नक्कल काढताना जी ची जोडी सी ऐवजी टी शी लागते आणि अक्षर बदलतं. आपल्या पेशीत ही भलती चकती काढून टाकणारं एक प्रथिन असतं. ते दिवसरात्र पहारा देतं.

कॅन्सरच्या उपचारात याच दोन गोष्टी एकमेकींना भेटतात. मेंदूच्या एका जीवघेण्या गाठीवर टेमोझोलोमाइड नावाचं औषध देतात. हे औषध कॅन्सरच्या पेशीतल्या जी वर मुद्दाम ती भलती चकती लावतं, म्हणजे पेशी मरावी. पण पहारेकरी प्रथिन जागं असेल तर ते चकती काढून टाकतं आणि औषध फुकट जातं. काही रुग्णांच्या गाठीत मात्र त्या पहारेकऱ्याचं जनुकच सी वरच्या चकत्यांनी झाकून बंद झालेलं असतं. अशा रुग्णांमध्ये औषध जास्त चांगलं काम करतं. म्हणून डॉक्टर गाठीची ती तपासणी करून घेतात.

मस्टर्ड गॅसचीही अशीच दुसरी कहाणी आहे. १९४२ साली, इकडे शार्लोट माशा मोजत असताना, अमेरिकेत येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे त्याच्या एका भावंड रसायनावर काम करत होते. त्याचं नाव नायट्रोजन मस्टर्ड. हे विष झपाट्याने दुभंगणाऱ्या पेशी आधी मारतं, मग कॅन्सरच्या पेशीही मारेल, असा त्यांचा तर्क. लसिका ग्रंथींचा कॅन्सर झालेल्या रुग्णाला ते दिलं आणि गाठी खरंच विरघळल्या. काही काळाने त्या पुन्हा वाढल्या, पण केमोथेरपीचं दार उघडलं होतं. आज भारतातल्या कॅन्सर रुग्णालयांमध्येही रोज दिलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड हे औषध याच घराण्यातलं.

हे उपचार शार्लोट यांनी शोधले नाहीत. पण ही औषधं जनुकांना कशी धक्का लावतात, आणि म्हणून ती जपून का द्यावी लागतात, हे कळण्याचा रस्ता त्यांच्या प्रयोगांतून गेला.

शेतीतही हे ज्ञान वापरलं गेलं. आपल्या मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या साहाय्याने म्यूटेशन घडवून भुईमुगाच्या नव्या जाती तयार केल्या. किरणांच्या जोडीला रसायनांनी बियाण्यात बदल घडवण्याची पद्धतही जगभरच्या कृषी विद्यापीठांत रुळली.

शार्लोट यांना मान मिळाला, पण सावकाश. १९४७ मध्ये त्या व्याख्याता झाल्या, म्हणजे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. १९५७ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो म्हणून निवड झाली. १९५९ पासून दहा वर्षं म्यूटेशनवरच्या संशोधन विभागाच्या त्या प्रमुख होत्या. प्राध्यापकपद मिळालं ते १९६७ साली, तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. १९७६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना डार्विन पदक दिलं.

त्या लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. पण दोन मुलांना त्यांनी आपलं मानून वाढवलं. लहान मुलांसाठी टोपणनावाने एक परीकथांचं पुस्तकही लिहिलं. मूळची शाळामास्तरीण असल्यामुळे अवघड गोष्ट सोपी करून सांगायची हातोटी होतीच. १९५६ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी अणुयुगातल्या अनुवंशशास्त्रावर पुस्तक लिहिलं. अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने न जन्मलेल्या पिढ्यांचं काय होऊ शकतं, हे लोकांना कळायला हवं असं त्यांना वाटायचं. अण्वस्त्रबंदीच्या चळवळीला आणि वर्णद्वेषाच्या विरोधाला त्यांनी उघड पाठिंबा दिला.

वंशाच्या नावाखाली स्वतःची नोकरी आणि देश गमावलेल्या या बाई आयुष्यभर वंशाचंच शास्त्र शिकवत राहिल्या. नाझी ज्याला अनुवंशशास्त्र म्हणत होते, ते किती पोकळ आहे हे त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार?

म्हातारपणी त्यांची नजर जवळपास गेली. १७ मार्च १९९४ रोजी एडिनबरामध्येच त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या.

तोवर जगाची रीत बदलली होती. विष म्हटलं की पूर्वी एवढंच बघायचे की माणूस मरतो का, आजारी पडतो का. शार्लोट यांच्या बाटल्यांनी दाखवलं की एखादी माशी वरून ठणठणीत दिसेल, उडेल, अंडी घालेल, आणि तरीही विषाचा हिशेब तिच्या नातवंडांत चुकता होईल. म्हणूनच आज औषध असो, कीटकनाशक असो की खाण्यातला रंग, तो जनुकांना धक्का लावतो का हे आधी तपासलं जातं. १९७० च्या दशकात ब्रूस एम्स यांनी माशांऐवजी जिवाणू वापरून ही तपासणी स्वस्त आणि झटपट केली, आणि ती जगभर पसरली.

पुढच्या वेळी केळ्यांवरची चिलटं हाकलताना एवढं आठवलं तरी पुरे. आपल्या घरातल्या औषधाच्या प्रत्येक गोळीच्या सुरक्षिततेत या चिमुकल्या जिवांचा आणि त्यांची नातवंडं मोजत बसलेल्या एका बाईंचा वाटा आहे.